वरच्या मजल्यावर दुसरा राउटर लावा, पण त्याला राउटरचं काम देऊ नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तळमजल्यावर हॉलमध्ये फायबरचं कनेक्शन आणि कंपनीने दिलेला राउटर आहे. वर दोन खोल्या. एकीत तुमचं घरून काम चालतं, दुसरीत मुलीचा अभ्यास. मध्ये स्लॅब असल्यामुळे वर रेंजची जेमतेम एक काडी येते. घरात जुना राउटर पडून होता, म्हणून तुम्ही खालून वर लॅन केबल नेली आणि ती जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या भोकात) लावली. वायफाय पूर्ण दिसायला लागलं, पण नेट कधी चालायचं, कधी नाही. पुढे खालच्या टीव्हीचंही नेट मधूनमधून जायला लागलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून तीच केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत येण्याच्या भोकात) लावली. नेट सुरळीत झालं, पण खालचा प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर वरून सापडेना. आता तुम्ही विचारताय की हे सगळं सोडून रिपीटर (रेंज पकडून पुढे देणारा डबा) घ्यावा का.

नका घेऊ. केबल वर पोचली आहे, म्हणजे सगळ्यात अवघड काम तुम्ही आधीच उरकलंय. आता फक्त सेटिंग बदलायचं राहिलंय, आणि शांतपणे केलं तर ते अर्ध्या तासात होतं.

घरं, दवाखाने आणि छोटी ऑफिसं यांचं नेटवर्कचं वायरिंग हे माझं रोजचं काम आहे. दोन राउटर लावल्यावरच्या तक्रारी जवळजवळ नेहमी तुम्ही सांगितलेल्या या दोन रूपांतच येतात, आणि दोन्हींचं मूळ एकच असतं. आपण ज्याला राउटर म्हणतो त्या डब्यात तीन वेगवेगळी कामं चालतात. एक, वायफाय देणं. दोन, घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला, प्रिंटरला पत्ता देणं, ज्याला डीएचसीपी म्हणतात. तीन, घरातलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये उभं राहून ये-जा सांभाळणं. तुमच्या घरात पहिलं काम दोन ठिकाणी व्हायला हवं. दुसरं आणि तिसरं मात्र एकाच ठिकाणी, खालच्या राउटरमध्येच व्हायला हवं. जुना राउटर वर लावताना आपण त्याची तिन्ही कामं चालू ठेवतो आणि तिथेच घोटाळा होतो.

तुमचा पहिला प्रकार बघा. केबल लॅनमधून लॅनमध्ये. अशा जोडणीत दोन्ही मजले मिळून एकच नेटवर्क होतं, आणि तेच आपल्याला हवंय. पण आता पत्ते वाटणारे दोघं झाले. मोबाइल वायफायला जोडला गेला की तो नेटवर्कवर पत्ता मागतो, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतो. खालच्या राउटरचं उत्तर आधी आलं तर नेट चालतं. वरच्याचं आधी आलं तर तो सांगतो, ‘बाहेर जायचं तर माझ्याकडून जा.’ त्याच्या वॅन पोर्टला काहीच जोडलेलं नाही, त्यामुळे तिथे रस्ता संपतो. वायफायच्या काड्या पूर्ण, नेट शून्य. खालच्या टीव्हीचं नेट का गेलं तेही यातच आलं. तोही त्याच नेटवर्कवर आहे, एखाद्या वेळी त्यालाही वरच्याने पत्ता देऊन टाकला.

दुसरा प्रकार, केबल वॅनमध्ये. इथे वरचा राउटर खालच्याला इंटरनेट कंपनी समजतो आणि वरच्या मजल्यावर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. नेट चालतं, कारण वरून खाली आणि खालून बाहेर असा रस्ता मिळतो. पण प्रिंटर शोधताना लॅपटॉप जी हाक मारतो ती फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये ऐकू जाते. मधला राउटर ती पुढे जाऊ देत नाही. म्हणून प्रिंटर आणि डीव्हीआर ‘सापडत नाहीत’. डीव्हीआरचा पत्ता हाताने टाइप केलात तर तो वरून बहुधा उघडेलही, पण रोज असं कोण करणार? शिवाय काही गेम आणि ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारी काही व्हीपीएन सॉफ्टवेअर या दोन थरांमध्ये कुरकुर करतात.

तेव्हा केबल पुन्हा लॅनमध्ये लावायची आणि वरच्या राउटरची दोन कामं बंद करायची.

सुरुवात सोप्या शक्यतेपासून करा. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’ किंवा नुसता ‘मोड’ असा भाग आहे का बघा. तिथे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ (म्हणजे नुसतं वायफाय देणारा) हा पर्याय असेल तर तो निवडा, सेव्ह करा, राउटर पुन्हा चालू होऊ द्या. पत्ते वाटणं वगैरे तो स्वतःच बंद करतो. या मोडमध्ये बऱ्याच राउटरचं वॅन पोर्टही लॅनसारखंच चालतं. नंतर त्याचं सेटिंग पुन्हा उघडायचं झालं तर त्याचा नवा पत्ता खालच्या राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडेल.

बऱ्याच जुन्या राउटरमध्ये हा पर्याय नसतो. मग हाताने करायचं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेकांचं काम क्रम चुकल्यामुळेच अडतं.

आधी खालच्या राउटरचा पत्ता बघून ठेवा. वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर ‘डीफॉल्ट गेटवे’ (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) म्हणून जो दिसतो तो. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. जिओच्या राउटरचा साधारणपणे १९२.१६८.२९.१ असतो. खालच्या राउटरच्या डीएचसीपी पानावर तो कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत पत्ते वाटतो तेही पाहा. यादी २ पासून सुरू होत असेल तर ती १० पासून सुरू करा, म्हणजे सुरुवातीचे काही पत्ते आपल्या हातात राहतात. बदल केल्यावर हा राउटर एकदा बंद करून चालू करा.

आता वरचा राउटर खालच्यापासून पूर्ण सोडवा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, जुनी सगळी सेटिंगं पुसली जातील. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला वायरने जोडा आणि त्याच्या तळाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडा, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. टाइप करताना अंक अर्थातच इंग्रजी. पासवर्ड त्याच स्टिकरवर असतो.

पहिलं, वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका. सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ निवडा. जुन्या राउटरमध्ये ‘टीकेआयपी’ असाही पर्याय दिसतो, तो घेऊ नका. तो सुरक्षित नाहीच, वर त्याने वायफायचा वेग ५४ एमबीपीएसच्या जुन्या पातळीवर अडकतो. दुसरं, लॅनचा पत्ता बदला. खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या. खालचा २९.१ असेल तर २९.२. सेव्ह केल्यावर राउटर पुन्हा चालू होईल आणि जुन्या पत्त्यावर उघडणार नाही, तेव्हा घाबरू नका, नव्या पत्त्यावर उघडा. मग तिसरं, सगळ्यात शेवटी, डीएचसीपी बंद करा. हे आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राउटर बिघडला असं वाटून माणूस पुन्हा रीसेट मारत बसतो.

आता खालून आलेली केबल वरच्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट रिकामं राहील. मी त्या पोर्टवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवतो. कारण पुढे कधीतरी नेट गेलं की घरातलं कोणीतरी किंवा इंटरनेटवाला मुलगा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या पोर्टमध्ये केबल खोचतो आणि दुखणं पुन्हा सुरू होतं.

तपासणी वायरने करा, वायफायने नाही. वरच्या राउटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टला लॅपटॉप जोडून मिळालेला पत्ता पाहा. तो खालच्याच मालिकेतला असला आणि गेटवे खालच्या राउटरचा असला, तर झालं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पत्ता मिळालाच नाही असं समजा, आणि आधी केबलकडे बघा. मोबाइल आणि टीव्ही एकदा वायफायमधून काढून परत जोडा, नाहीतर जुना पत्ता काही तास धरून बसतील.

एक सावधगिरी. दोन राउटरांमध्ये दोन केबली लावू नका, आणि केबल असताना वरच्याचा रिपीटर मोडही चालू ठेवू नका. दोन वाटा झाल्या की माहिती गोल गोल फिरत राहते, सगळे दिवे एका लयीत फडफडतात आणि पूर्ण घराचं नेट बसतं.

आता केबलबद्दल, कारण माझ्या अनुभवात सेटिंगनंतर उरलेल्या तक्रारी जवळपास सगळ्या तिच्याच निघतात. बाजारात कॅट ५ई आणि कॅट ६ या नावांखाली तांबं चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल भरपूर विकली जाते. बाहेरून फरक कळत नाही. एक बारीक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. आतून पांढरी चकाकी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम, आतपर्यंत लालसर राहिली तर तांबं. अ‍ॅल्युमिनियमची तार दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि कनेक्टरमध्ये काही महिन्यांनी सैल पडते. घरासाठी शुद्ध तांब्याची कॅट ५ई पुरते. १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएस नेते, आणि तुमची वायर कुठल्याही वळणाने गेली तरी त्याच्या जवळपासही जाणार नाही. नवीन टाकतच असाल तर कॅट ६ घ्या, मजुरी तीच लागते.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्याच्या मध्ये येते ती गंमत म्हणून नाही. प्रत्येक जोडीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन असतात आणि त्या जोड्या ठरलेल्या पिनांवरच जाव्या लागतात. नुसते रंग दोन्ही बाजूंना सारखे लावून चालत नाही. तशी केबल साध्या टेस्टरवर आठही दिवे लावते आणि प्रत्यक्षात वेग देत नाही. आणखी एक खूण: १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, १ जीबीपीएसला आठही लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, मुकाट १०० वर उतरतं. तुमचं कनेक्शन २०० चं असून वर वायरनेही ९४-९५ च्या पुढे जात नसेल, तर एक तर केबलची जोडी गेलीये किंवा जुन्या राउटरची पोर्टं मुळातच १०० ची आहेत.

तसं असलं तरी लगेच नवा राउटर आणायला धावू नका. व्हिडिओ मीटिंगला ४-५ एमबीपीएस पुरतात, मुलीच्या ऑनलाइन तासालाही तेवढेच. जुन्या राउटरमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झ असेल तर वायफायवर तुम्हाला १०० च्या आतच वेग मिळेल, पण तो स्थिर असेल, आणि घरून काम करणाऱ्याला स्थिरतेचं मोल जास्त असतं.

केबल विजेच्या वायरांबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. २३० व्होल्टची वायर आणि लॅन केबल एकत्र असणं धोक्याचं आहे. बहुतेक घरांत जुन्या टीव्हीच्या केबलचा वेगळा पाइप असतो, तो बघा. ती केबल आता वापरात नसेल तर तिच्याच टोकाला लॅन केबल बांधून ओढून घेता येते. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची, उन्हापावसासाठीची केबल घ्या. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि भोकात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं. हे नाही केलं तर पहिल्याच मोठ्या पावसात केबलीवरून वाहत आलेलं पाणी थेट राउटरच्या टेबलावर. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा गच्चीवरून गेलेल्या तांब्याच्या केबलीमुळे पोर्टं जळतात, म्हणून गच्ची टाळता आली तर टाळाच.

वरचा राउटर ठेवायचा कुठे, हे घरावर अवलंबून आहे. तुमच्याकडे स्लॅब आहे, त्यात सळ्यांची जाळी, म्हणून वायफाय अडतं, आणि ५ गिगाहर्ट्झ तर फारच. जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशी असेल तर खालचाच राउटर जिन्याजवळ सरकवून भागतं. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात उलट एकाच मजल्यावर दोन राउटर लागू शकतात. राउटरची उभी अँटेना आडव्या दिशेला जास्त पसरते, वर-खाली कमी. त्यामुळे हॉलमधल्या राउटरच्या बरोबर डोक्यावरची खोलीच कोरडी राहते आणि तिरपी खोली बरी असते. वरचा राउटर दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीशी, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाटावर किंवा कपाटामागे नको.

नावाबद्दल नेहमी विचारतात: दोन्हींचं एकच ठेवायचं की वेगळं? पहिला आठवडा वेगळं ठेवा, ‘घर-खाली’, ‘घर-वर’ असं. म्हणजे मोबाइल कुणाला जोडलाय ते दिसतं आणि दोष शोधता येतो. सगळं ठीक चाललं की दोन्हींना एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सुरक्षा प्रकार द्या. चॅनल मात्र वेगळे हवेत: २.४ गिगाहर्ट्झमध्ये खाली १, वर ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. कोणत्या राउटरला जोडायचं हे मोबाइल स्वतः ठरवतो, राउटर नाही. काही मोबाइल जिना चढून वर आले तरी खालच्याची क्षीण रेंज सोडत नाहीत. खालच्या राउटरमध्ये ‘ट्रान्समिट पॉवर’ची सोय असेल तर ती मध्यम करा, मोबाइल लवकर हात सोडतो.

ज्यांच्याकडे केबल नेणं खरंच शक्य नाही, भाड्याचं घर आहे, भिंती फोडू देत नाहीत, त्यांच्यासाठी रिपीटर किंवा मेश (एकमेकांशी बोलून एकच वायफाय देणारे डबे). साधा रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. तो वापरायचाच तर जिथे रेंज मेलीये तिथे न ठेवता अर्ध्या वाटेत, जिन्याच्या वळणावर ठेवा. त्याला स्वतःलाच चांगली रेंज मिळाली तर तो पुढे देणार. मेशचे दोन डबे यापेक्षा बरे. पण मेश विकत घेऊन कंपनीच्या राउटरमागे जसाच्या तसा लावला की तुमच्या दुसऱ्या प्रकारासारखेच दोन थर तयार होतात, म्हणून त्यालाही अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. केबल असेल तर मेशही केबलवरच चालवा.

वर भाडेकरू असतील तर मात्र माझं उत्तर बदलतं. अनेकजण त्यांच्यासाठी मुद्दाम वॅनची जोडणी करतात, वेगळं नेटवर्क म्हणून. लक्षात घ्या, त्या जोडणीत खालच्याला वरचं दिसत नाही, पण वरच्याला खालचा डीव्हीआर पत्ता टाकून उघडता येतो. तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलटं. तिथे खालच्या राउटरचं गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) वापरा, किंवा सरळ त्यांना त्यांचं कनेक्शन घ्यायला सांगा.

वीज जाते तिथे दोन्ही राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हवेत. खालचा बंद पडला तर वरचा चालू असून उपयोग नाही. कंपनीचा फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर तिन्ही. जुन्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर हरवला असेल तर नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावू नका, पिन बसते म्हणून तो चालेल असं नाही.

हे सगळं करूनही अडलं, तर तीन गोष्टी लिहून पाठवा: वर वायरने जोडलेल्या लॅपटॉपला मिळालेला पत्ता आणि गेटवे, वरच्या राउटरच्या तळाचं मॉडेल, आणि केबल लावल्यावर दोन्ही बाजूंच्या पोर्टचा दिवा लागतो का. एवढ्यावरून पुढचं सांगता येईल.